डबल झालेली नाणी : कुणाला द्यावी, कशी द्यावी?

तांबडा_पैसा

नमस्कार मंडळी. माझ्याकडे तीन पैशांची एकशे चाळीस नाणी डबल आहेत. तीच ती सहा कोनांची, ॲल्युमिनियमची, तळहातावर ठेवली तर वजन लागू नये अशी. १९६४ ते १९७१ एवढ्याच वर्षांत ती पाडली गेली. संग्रहात प्रत्येक सालाचं आणि प्रत्येक टाकसाळीचं एकेक ठेवलं तरी डबा भरलेलाच राहतो. शिवाय चौकोनी एक पैसा आहेत, नागमोडी कडेचे दोन पैसे आहेत, आणि भोकाचे पैसे साठेक. बाजारात यांना फारसा भाव नाही आणि मला विकायचीही नाहीत. द्यायची आहेत. फुकट, टपालखर्चही माझा. कुणाला द्यावी आणि कशी द्यावी, यावर इथल्या जाणत्यांचं मत हवं आहे.

मी सातवीत होतो तेव्हाची गोष्ट. मामाबरोबर पुण्याला जुन्या बाजारात गेलो होतो, रविवार होता. एक आजोबा पोतं अंथरून बसले होते. पोत्यावर कुलुपं, अडकित्ते, पितळी समया आणि एका परातीत खुर्दा. मी परातीत हात घालून उभा राहिलो तो हलेना. मामाची बसची घाई. आजोबांनी परातीतून एक भोकाचा पैसा उचलला, धोतराच्या सोग्याला पुसला, भोकातून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "हा लढाईतला पैसा. तांबं दारूगोळ्याला लागायचं, म्हणून सरकारनं मधलं काढून घेतलं. जा, घेऊन जा." मग सिगारेटच्या पाकिटाचा पुठ्ठा फाडून त्यावर पेन्सिलीनं लिहिलं, '१९४४. जुना बाजार.' आणि तोही माझ्या हातात ठेवला.

पुढे वाचनातून बाकीचं कळलं. हा पैसा १९४३ ते १९४७ मध्ये निघाला. मधोमध भोक असल्यानं राजाचं डोकं छापायला जागाच उरली नाही, नुसता मुकुट आला, आणि दुसऱ्या बाजूला भोकाभोवती पानांची माळ. आमच्या आजीच्या माहेरी असे पैसे लहान मुलांच्या करदोट्यात ओवत. आज माझ्याकडे १९४४ सालचेच अकरा आहेत. त्यातला आजोबांनी दिलेला कोणता, हे मला फक्त त्या पुठ्ठ्यामुळे सांगता येतं.

म्हणून माझी एकच अट आहे. प्रत्येक नाण्याबरोबर चिठ्ठी जाईल : हे काय आहे, मला कुठं मिळालं, कधी मिळालं. घेणाऱ्यानं ती चिठ्ठी नाण्याबरोबरच ठेवायची, आणि पुढं कुणाला दिलं तर चिठ्ठीसकट द्यायचं.

पावली_अधेली

फार जिव्हाळ्याचा धागा काढलात. माझं मत, सोडत काढू नका. सोडतीत ज्याच्याकडे आधीच चार अल्बम भरलेत तोही नाव घालतो आणि नव्या माणसाच्या हाती काही लागत नाही. त्यापेक्षा एक सोपा प्रश्न विचारा, उत्तर घरातल्या माणसांना विचारल्याशिवाय मिळणार नाही असा. उदाहरणार्थ : 'तुमच्या आजीच्या लहानपणी चवलीत, म्हणजे दोन आण्यांत, काय यायचं?' उत्तर बरोबर की चूक हा मुद्दाच नाही. आजीला विचारलं म्हणजे घरात बोलणं झालं. माझ्या आजीनं मला चवलीचा हिशेब सांगितला तेव्हा कळलं की सोळा आण्यांचा रुपया, चौसष्ट पैशांचा रुपया आणि एकशे ब्याण्णव पैचा रुपया हे तिन्ही हिशेब तिच्या डोक्यात एकाच वेळी चालतात. १ एप्रिल १९५७ ला शंभर नवे पैसे आले तरी तिचा आणा काही गेला नव्हता. भाजीवालीशी ती शेवटपर्यंत 'चार आणे कमी कर' असंच म्हणायची.

कृष्णाकाठ

तांबडा_पैसा, तुमचा विचार चांगला आहे, पण मला आलेला अनुभव सांगतो. तीन वर्षांपूर्वी मी चाळीस दुदांडी शिवराया (शिवाजी महाराजांच्या नावाची, दोन आडव्या रेघांची तांब्याची नाणी) अशाच वाटल्या. तांबटाकडे मोडीत आलेल्या, किलोच्या भावानं घेतलेल्या. रात्री बसून निवडल्या, प्रत्येकीला कागदाचं पाकीट केलं, वर माझं इथलं टोपणनाव आणि 'वाई, मोडीतून' असं लिहिलं. एका सद्गृहस्थांनी 'शाळेतल्या मुलांसाठी हव्यात' म्हणून दहा मागितल्या. आठ दिवसांत त्या दहाच्या दहा विक्रीला लावलेल्या दिसल्या. फोटोत माझ्या अक्षरातली पाकिटंसुद्धा तशीच. त्या दिवशी जेवण गेलं नाही मला. पैशाचं काही नव्हतं, पण मुलांचं नाव घेऊन नेल्या ते लागलं. तेव्हापासून अनोळखी माणसाला देणं बंद केलं.

तांबडा_पैसा

कृष्णाकाठ, वाचून वाईट वाटलं. असं कुणाच्याही जिव्हारी लागेल. पण विक्रीला लावलेल्या त्या दहा शिवरायांचं पुढं काय झालं, ते कधी कळलं का?

कृष्णाकाठ

एकीचं कळलं. सोलापूरच्या एका मुलानं ती विकत घेतली होती. पाकिटावरचं टोपणनाव शोधत इथं आला आणि मला विचारलं, 'काका, वाईला मोडीत अजून असतात का?' आता दोन वर्षं आमचं बोलणं चालू आहे. परवा त्यानं मला दोन रेघांच्या मधल्या अक्षराच्या खुणांचा तक्ता करून पाठवला, स्वतःच्या हातानं काढलेला, पंचवीस प्रकारांचा. तुमचं म्हणणं कळलं मला. तरी त्या माणसानं केलं ते बरोबर केलं असं मी म्हणणार नाही.

टाकसाळ

दोघांचंही पटतं. काही व्यवहारातल्या गोष्टी, कारण देणारा चांगल्या मनानं देतो आणि नाणं वाटेत किंवा घेणाऱ्याच्या घरी खराब होतं.

मऊ, वास येणारी प्लॅस्टिकची पाकिटं वापरू नका. पीव्हीसीची असतात ती. तांब्याच्या नाण्यावर दोन-तीन पावसाळ्यांत हिरवा चिकट थर धरतो आणि तो नाण्याला खातो. पुठ्ठ्याचे दोन इंची चौकोनी होल्डर घ्या, पारदर्शक खिडकीवाले. पिना मारल्यावर पक्कडीनं चपट्या करा, नाहीतर शेजारच्या नाण्यावर ओरखडे उठतात. पाठवताना नाणी जाड पुठ्ठ्यावर चिकटपट्टीनं बसवून दुसऱ्या पुठ्ठ्याखाली दाबून टाका, पाकीट हलवलं तर आवाज यायला नको. आवाज आला की पाकीट कोपऱ्यात फाटतंच. माझी एक पावली, चार आण्यांची, अशीच गेली, रिकामं पाकीट घरी आलं.

आणि चिठ्ठीत एक ओळ मोठ्या अक्षरात लिहा : 'नाणं घासू नका.'

नवा_गडी

नमस्कार, मी इथं नवीन आहे. टाकसाळ यांची शेवटची ओळ वाचली आणि लिहायला बसलो. मला गेल्या वर्षी गावच्या एका काकांनी शिवराई दिली. त्यांच्या देवघरातली होती, ताम्हनात ठेवायचे. मी ती घरी आणून चिंच आणि राखेनं घासली. भांड्यासारखी लख्ख झाली. काकांना दाखवायला नेली तर ते काही बोललेच नाहीत, नुसती हातात घेऊन बघत राहिले. मला वाटलं होतं, खूश होतील. आता समजतंय की दीडशे-दोनशे वर्षांचा काळसर रंग मी दहा मिनिटांत काढून टाकला. तो परत येतो का?

दुसरा प्रश्न. माझ्याकडे एक मोठं तांब्याचं नाणं आहे, एका बाजूला राम-सीता-लक्ष्मण-हनुमान आणि दुसऱ्या बाजूला 'ईस्ट इंडिया कंपनी, हाफ आना, १८१८' असं इंग्रजीत. ते मी इथं कुणाला भेट देऊ शकतो का?

टाकसाळ

नवा_गडी, रंग हळूहळू येईल, पण पहिल्यासारखा नाही. ती शिवराई कोरड्या कागदात ठेवा आणि आता काहीही लावू नका. काकांना सांगा की चूक कळली, त्यांना बरं वाटेल.

रामदरबाराचं ते नाणं नाही, टोकन आहे. कंपनीनं रामदरबाराची अशी नाणी कधी पाडली नाहीत. १६१६, १७१७, १८१८ अशी साल घातलेली ही टोकनं यात्रेच्या ठिकाणी आणि रस्त्यावर ढिगानं विकली जातात. देवघरात ठेवायला काही हरकत नाही. भेट द्यायचं तर 'हे टोकन आहे, कंपनीचं नाणं नाही' असं लिहूनच द्या. ज्याला नाणं म्हणून मिळेल तो उद्या पाच हजार मागणाऱ्याच्या नादी लागेल.

याच ओघात : 'वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं असेल तर दहा लाख मिळतील' असले फोन येतात. मग नोंदणीचे पैसे, कराचे पैसे असं उकळत नेतात. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सांगितलंय की जुन्या नाणी-नोटांच्या खरेदी-विक्रीशी बँकेचा संबंध नाही आणि ती कुणाकडून असं शुल्क घेत नाही. फुकट देणारा माणूस आधी पैसे मागत नाही, एवढं घरातल्या वडीलधाऱ्यांना सांगून ठेवा.

शाळेचा_फळा

मी कराडजवळच्या एका गावात प्राथमिक शाळेत शिकवते. पाचवीच्या वर्गात बत्तीस मुलं आहेत. कृष्णाकाठ दादांचा अनुभव वाचल्यावर 'शाळेसाठी द्या' म्हणायला जीभ अडखळते आहे, तरी मागते. प्रत्येक मुलाला एक तीन पैसे, एक चौकोनी पैसा, एक नागमोडी दोन पैसे आणि एक भोकाचा पैसा मिळाला तर मला गणितात आकार, परिसर अभ्यासात इतिहास आणि मराठीत चिठ्ठी-लेखन असं सगळं एकत्र घेता येईल. चिठ्ठ्या मुलं सांभाळतील, याची जबाबदारी माझी. वर्गाचे फोटो टाकणार नाही, पण काय झालं ते इथं नक्की लिहीन.

तांबडा_पैसा

बाई, बत्तीस संच आजच बांधायला घेतो. चिठ्ठ्या हातानं लिहिणार आहे, त्यामुळे आठवडा लागेल.

मिशिगनकर

इकडे राहून तुम्हा सगळ्यांचं वाचतो आहे. अमेरिकेत एप्रिलमधल्या तिसऱ्या आठवड्यात नॅशनल कॉइन वीक असतो. त्या आठवड्यात बरेच संग्राहक जुनी सेंट मुद्दाम दुकानात खर्च करून टाकतात. १९०९ ते १९५८ च्या सेंटवर मागे गव्हाच्या दोन लोंब्या आहेत, त्यामुळे ती लगेच ओळखू येतात. कुणाला तरी सुट्ट्या पैशांत ती मिळते आणि तो थबकतो. माझ्या मुलीला अशीच एक मिळाली आणि तेव्हापासून ती प्रत्येक नाणं उलटून बघते.

डिसेंबरमध्ये कोल्हापूरला येतोय. बाईंच्या वर्गासाठी पन्नास राज्यांचे क्वार्टर (पाव डॉलरची नाणी) घेऊन येईन, १९९९ ते २००८ मध्ये निघालेले, प्रत्येकावर वेगळ्या राज्याचं चित्र. त्या बदल्यात नाही, पण एक इच्छा आहे. माझ्या मुलीसाठी कुणी एखादी शिवराई देईल का? 'श्री राजा शिव' तिला स्वतःच्या बोटानं वाचायचं आहे.

टाकसाळ

मिशिगनकर, इथं मात्र नाही म्हणावं लागेल. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. शिवराई त्यात येतेच. सामानातही नको आणि टपालानंही नको. देणारा आणि नेणारा दोघंही अडचणीत येतील.

आणखी एक. शेतात नांगरताना सापडलेलं नाणं 'मी वाटतो' म्हणून परस्पर वाटू नका. १८७८ च्या कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून जास्त मोलाचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो.

कृष्णाकाठ

मिशिगनकर, मुलीला घेऊन वाईला या. माझ्याकडे पाच जुन्या शिवराया आहेत. ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, त्यामुळे एकीवरही सगळी अक्षरं पूर्ण उतरलेली नाहीत. एकीवर 'श्री राजा' आहे, 'शिव'चा निम्माच भाग आहे. दुसरीवर 'सिव' असं लिहिलंय, ठसा कोरणाऱ्याच्या हातचं. एकीवर मागचं 'छत्र' दिसतं आणि 'पति' कडेबाहेर गेलंय. पाच जणी शेजारी मांडल्या की पुरं नाव जुळतं. तिला दुपारभर बसून वाचू दे. कागदावर ठसे घेऊन देईन, ते खुशाल न्या.

आणि नेण्यासाठी मी तिला दुसरा संच देतो, माझ्याकडे डबल आहे : १९९० चा बाबासाहेबांचा रुपया, १९९९ चा ज्ञानेश्वर माउलींचा रुपया आणि त्याच सालचे शिवाजी महाराजांचे दोन रुपये, २००२ चे तुकोबांचे दोन रुपये, २००७ चे लोकमान्यांचे पाच रुपये. सगळी वापरातली, झिजलेली आहेत. यातले तुकोबा मला एसटीच्या कंडक्टरनं सुट्टे म्हणून दिले होते, सातारा-वाई गाडीत. तसं चिठ्ठीवर लिहीन.

गोदाकाठ

द्यायचं कधी नाही, यावर थोडं लिहितो. डबल नाणी वाटणं वेगळं आणि एखाद्याचा आयुष्यभराचा संग्रह किंवा एकत्र सापडलेला साठा वाटणं वेगळं. नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ मध्ये चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांहून जास्त, क्षत्रप राजा नहपानाची. त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं स्वतःचा ठसा पुन्हा मारलेला होता. नहपानाचं राज्य कुणी घेतलं हे त्या ढिगानं सांगितलं. सापडल्या दिवशीच ती नाणी गावोगाव पाच-पाच करून वाटली गेली असती तर दर तिनांत दोनांवर दुसरा ठसा आहे, हे प्रमाण कुणाला मोजताच आलं नसतं.

आमच्या ओळखीतले एक संग्राहक गेले. घरच्यांनी प्रेमानंच, आठवण म्हणून, प्रत्येक नातेवाइकाला मूठमूठ नाणी दिली. त्यांची नोंदवही मात्र रद्दीत गेली. आता नाणी आहेत, पण कोणतं कुठलं हे कुणालाच माहीत नाही. त्यामुळे माझी विनंती, आपापल्या वहीची एक प्रत घरात कुणाला तरी दाखवून ठेवा. आणि मोठा संग्रह असेल तर अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, डॉ. परमेश्वरीलाल गुप्तांनी उभी केलेली. तिथल्या जाणकारांना आधी विचारा. पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय एका माणसानं आयुष्यभर जमवलेल्या वस्तूंचं आहे, आणि त्यांनी ते अखंड सरकारला दिलं, म्हणून आपल्याला आज एका छपराखाली बघायला मिळतं.

पावली_अधेली

गोदाकाठ, नोंदवहीचं वाचून उठले आणि माझी वही काढून नवऱ्याला दाखवली. कुठल्या कप्प्यात असते तेही दाखवलं. धन्यवाद.

शाळेचा_फळा

पार्सल मिळालं. बत्तीस पाकिटं, बत्तीस चिठ्ठ्या, एकाच अक्षरात आणि प्रत्येक चिठ्ठी वेगळी. एकीवर 'फलटणच्या वाण्याच्या गल्ल्यातून', एकीवर 'आत्याच्या पानाच्या डब्यात', एकीवर नुसतं 'कुठून आलं आठवत नाही, माफ कर' असं होतं. ती शेवटची ज्या मुलाला आली त्यानं विचारलं, 'मग आता मला मिळालं ते लिहू का खाली?' लिहिलं त्यानं, गावाचं आणि शाळेचं नाव घालून. मग सगळ्यांनीच आपापल्या चिठ्ठीखाली ओळ लिहिली.

आधी डोळे मिटून नाणी ओळखायला लावली. एकाचंही चुकलं नाही. चौकोन, षट्कोन, नागमोड, भोक, बोटांना लगेच कळतं. वाचता न येणाऱ्या माणसाला अंधारातही बाजार करता यावा असे हे आकार आहेत, हे त्यांना सांगावंच लागलं नाही. मग वहीचं पान नाण्यावर ठेवून पेन्सिल आडवी घासली आणि कागदावर ठसे काढले. सालाखालची खूण शोधायची स्पर्धा लावली : पत्त्यातली चौकट म्हणजे मुंबई, चांदणी म्हणजे हैदराबाद, काहीच नसेल तर कोलकाता. भिंगासाठी भांडणं झाली.

एका मुलीच्या प्रश्नाला मला उत्तर देता आलं नाही. 'एक, दोन, पाच कळतात. तीन पैशांचं नाणं कशाला काढलं?' कुणी सांगाल का?

तांबडा_पैसा

तिला सांगा, जुना आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. अर्धा आणा म्हणजे तीन पैसे आणि वर थोडं. लोकांना अर्ध्या आण्यानं व्यवहार करायची सवय होती, आणि अर्ध्या आण्याच्या जवळचं नाणं तीन पैशांचं. तिच्या पणजीला 'अर्धा आणा' म्हटलं की काय काय यायचं तेही विचारायला सांगा.

माझ्याकडे अजून तीन पैशांची एकशे आठ नाणी आणि भोकाचे अठ्ठावीस पैसे आहेत. चिठ्ठ्या लिहून तयार आहेत. पुढची शाळा किंवा वाचनालय कुणी सुचवा.

नवा_गडी

आमच्या गावच्या वाचनालयात मुलांचा कोपरा आहे, शनिवारी वीसेक मुलं येतात. तिथं चालतील का? काकांनाही घेऊन येतो, शिवराई दाखवायला. घासलेली म्हणून सांगूनच दाखवणार आहेत ते.

तांबडा_पैसा

वीस संच उद्या टाकतो. काकांना माझा नमस्कार सांगा.